बारा दिवसांचा साळोबा

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. पण नुसता दगड म्हणालात तर मला राग येईल. नुसते दगड आमच्या नदीत ढिगाने पडले आहेत. मी दोन उभ्या खांबांवर आडवा बसवलेला, छिन्नीने घडवलेला काळा चिरा आहे. मला नाव आहे, मला इतिहास आहे आणि यंदाच्या भाद्रपदापासून सरकारी कागदावर माझी नोंदही आहे. पंचक्रोशीत एवढा मान दुसऱ्या कुठल्या दगडाला मिळाला असेल तर मला आणून दाखवा.

मी राहतो हिंगणदऱ्याला. ही पारनेरकडची एक लहानशी वाडी. वाडीपासून नदीपर्यंत एक गोल वाट आहे. शाळेच्या मागून निघायचं, कातळातल्या पायऱ्यांनी धबधब्यांच्या कडेकडेने खाली उतरायचं, की आला काळडोह. मग डोहाच्या पलीकडच्या चढणीने, माझ्या अंगावरून, बांधाबांधाने पुन्हा शाळेपाशी यायचं. रमतगमत चाललं तरी पाऊण तासाच्या वर लागत नाही. धबधबे तीन आहेत. थोरली धार, मधली धार आणि धाकटी धार. ते फार देखणे आहेत असं म्हणतात. मी आपला म्हणतात असंच म्हणणार, कारण मी ते कधी पाहिलेले नाहीत. मी चढणीच्या मध्यावर बसलेला. मला त्यांचा फक्त आवाज येतो. पण आवाजावरून कुठल्या धारेला किती पाणी आहे हे मी कोणाहीपेक्षा चोख सांगू शकतो.

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळं घोडं तिथेच अडलं. पायऱ्या आहेत उभ्या आणि निसरड्या. जाताना हात मोकळे असतात, म्हणून माणूस तिथून झपाझप उतरतो. येताना डोक्यावर ओझं असतं, तेव्हा ही तिरकी, सावकाश चढण बरी पडते. म्हणून हिंगणदऱ्याचं माणूस जातं पायऱ्यांनी आणि येतं माझ्याकडून. उलटं कोणी फिरत नाही. मला बघा, उभ्या आयुष्यात मी कोणाला डोहाकडे जाताना पाहिलेलंच नाही. मी पाहिले ते सगळे परत येणारे. त्यांचे पदर ओले, पाय धुतलेले आणि तोंडं ताजी असायची. असा शेजार मिळायला भाग्य लागतं.

माझा जन्म कसा झाला ते सांगतो. ऐंशी वर्षं तरी झाली असतील. वाडीत पुंजाराम नावाचा एक शेतकरी होता. तरुणपणी तो एका धरणाच्या कामावर दगड घडवायला गेला होता, तिथे छिन्नी-हातोडा शिकून आला. त्याची बायको साळूबाई. एकदा ती दोन हंडे डोक्यावर घेऊन एकटीच ही चढण चढत होती. मध्येच तिला चक्कर आली. हंडे खाली उतरवले असते तर पुन्हा डोक्यावर चढवून द्यायला जवळ कोणी नव्हतं, आणि पाण्यावाचून घरी जाणं तिला पटत नव्हतं. म्हणून ती तशीच, हंड्यांसकट, बाभळीला टेकून उभी राहिली. पुंजाराम शोधत आला तेव्हा तिची मान अवघडून गेली होती.

पुंजाराम बोलणारा गडी नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने साळूबाईला बाभळीपाशी उभं केलं आणि तिच्या खांद्याच्या उंचीवर कोळशाने खोडावर रेघ ओढली. मग नदीतून मला बैलांनी ओढून वर आणलं. पंधरा दिवस तो मला घडवत होता. छिन्नीचा मार खाताना मी मनातल्या मनात त्याला पुष्कळ शिव्या दिल्या, हे आता कबूल करायला हरकत नाही. शेवटी दोन खांबांवर मला बरोबर त्या कोळशाच्या रेघेला आडवा बसवला. त्या उंचीमुळे डोक्यावरचं ओझं न वाकता माझ्यावर सरकवता येतं, दम खाता येतो आणि पुन्हा तसंच डोक्यावर ओढून घेता येतं. कोणाची मदत लागत नाही. साळूबाईने पहिला हंडा टेकवला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "बरं केलंत." पुंजारामला तेवढं पुरलं. मला आजवर पुरलं आहे. बायका मला साळूचा दगड म्हणू लागल्या.

मग काय विचारता माझा थाट! सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोर रांग लागायची. हंडे, कळश्या, धुण्याची गाठोडी, लाकडाच्या मोळ्या, सगळं माझ्या पाठीवर टेकलं. सासवांच्या तक्रारी मी ऐकल्या, सुनांच्याही ऐकल्या, आणि दोघींचंही मला पटायचं. साळूबाईची सून आक्काबाई नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिचा खांदा माझ्यापेक्षा चार बोटं खाली होता. सासूने स्वतः एक चपटा धोंडा आणून माझ्या पायाशी ठेवला. त्यावर उभी राहून आक्काबाई ओझं टेकवायची. आज ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि तो धोंडा अजून तिथेच आहे.

पण माझा खरा सण म्हणजे भाद्रपदाचा वद्य पक्ष. घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुवायची आमच्याकडे रीत आहे. ओली गोधडी कधी उचलली आहे का तुम्ही? कोरडी असताना ती आईच्या मायेची असते, ओली झाली की भल्याभल्यांचा कणा वाकवते. त्या पंधरा दिवसांत वाडीतली एकूण एक गोधडी माझ्यावर विसावा घ्यायची. अंगावरून पाणी निथळायचं, बायका हसायच्या, एकमेकींच्या गोधड्यांना नावं ठेवायच्या. त्या दिवसांत मला दगड असल्याचं जराही वाईट वाटत नसे.

मग वाडीत नळ आले. चांगलंच झालं, मी काही दुष्ट नाही. पण हंडे यायचे बंद झाले ते झालेच. चढणीवर तरवडाची झुडपं माजली, पावसाने वाट मध्येच कोरली. पावसाळ्यात नगरच्या सावेडीकडून स्कूटरवर मंडळी धबधबे बघायला येऊ लागली. त्यांतली काही भली, पण काही माझ्यावर उभी राहून फोटो काढायची आणि वेफर्सची पाकिटं माझ्याच पायाशी टाकून जायची. मला ते लागायचं. मला बसवलं होतं ते साळूच्या खांद्यासाठी, कोणाच्या बुटांसाठी नव्हे.

या पडत्या काळात मला विसरली नाही ती बिस्मिल्ला. ती वाडीतली गोधड्या शिवणारी. पंचावन्न वर्षांची, अंगाने काटक, बोलायला तिखट. जुनी गोधडी तिच्याकडे आली की ती आधी उसवते, डोहावर नेऊन पायांनी तुडवून धुते, आणि मग नवा पदर लावून शिवते. नळाच्या करंगळीएवढ्या धारेत गोधडी धुता येत नाही, म्हणून तिच्या धंद्याला डोह लागतो आणि डोहावरून परत यायला मी लागतो. आठवड्यातून एकदा ती यायचीच. ओझं टेकवून माझ्याशी बोलायची, "काय रे बाबा, तू अन् मी, दोघंच राह्यलो कामाचे." मी मनात म्हणायचो, खरं आहे बाई.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या चढणीची जमीन विकली गेली. शहरातल्या एका गृहस्थांनी फार्महाऊस बांधायला घेतली. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या दलालाने त्याला सांगितलं होतं की इथून रस्ताबिस्ता काही नाही, जे दिसतं तो पावसाच्या पाण्याचा ओघळ आहे. आषाढात त्याने कुंपणाच्या खुणा मारल्या. वाडीकरांनी तालुक्याच्या कचेरीत अर्ज केला की आमची वहिवाटीची वाट बंद होते आहे.

चौकशीला माणूस आला. पारावर सगळ्यांना बसवून त्याने एकेकाला विचारलं, "डोहाला कुठून जाता?"

आणि हिंगणदऱ्याच्या सरळ माणसांनी सरळ उत्तर दिलं, "पायऱ्यांनी."

पहिला म्हणाला पायऱ्यांनी, दुसरा म्हणाला पायऱ्यांनी, आणि लंकाबाईने तर छातीवर हात ठेवून सांगितलं की मी जन्मात दुसरीकडून गेले न्हाई. विचारलं होतं जायचं, यायचं कोणी विचारलंच नव्हतं, मग आगाऊपणा कशाला करायचा! एकोणीस जणांचे जबाब झाले आणि एकोणिसांच्याही जबाबात माझं किंवा चढणीचं नाव नव्हतं. सगळे अंगठे आणि सह्या करून समाधानाने घरी गेले. बिस्मिल्ला त्या दिवशी बाजाराला गेली होती. ही हकीकत तिनेच दुसऱ्या दिवशी मला सांगितली आणि कपाळावर हात मारून घेतला. मला हात असते तर मीही मारला असता.

तो कागद बघून मालकाला वाटलं, आता अडचण नाही. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कुंपणाच्या पायासाठी जेसीबी येणार असं ठरलं. मला उचलून पायात टाकायचं, असं मालकाचा मुकादम मोठ्याने बोलून गेला. ऐंशी वर्षं लोकांची ओझी वाहिली आणि शेवटी जमिनीखाली कायमचं गाडून घ्यायचं! भीती कशी असते ते मला पहिल्यांदा कळलं.

आक्काबाईचा मुलगा सहादेव. पन्नाशीचा, शेतात राबणारा, मनाने लोण्यासारखा आणि डोक्याने जरा घाईचा. त्याला ते सहन होईना. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी तो एकटाच आला, सोबत शेंदराची पुडी आणि तेलाची वाटी. काय करतो आहे ते मला कळायच्या आत त्याने मला वरून, खालून, पुढून शेंदूर फासला. एक नारळ फोडला, झेंडूची माळ घातली आणि हात जोडून म्हणाला, "आज्जे, माफ कर. आता तुला कोन हात लावतंय बघतो."

दहाच्या सुमारास जेसीबी आला. चालवणारा फैयाज, बिस्मिल्लाचा भाचा. त्याने मला पाहिलं आणि इंजिनच बंद केलं.

"का रे थांबला?" मुकादम ओरडला.

"शेंदूर हाय त्याला. गावाच्या देवाला मी बकेट लावनार न्हाई."

"काल नव्हता रे देव!"

"काल मी बी नव्हतो. आज हाय ना? तुमी दुसरा डायवर बघा." आणि तो खरंच खाली उतरून बाभळीखाली जाऊन बसला.

दुसरा ड्रायव्हर मिळेना. मालकाला फोन झाला. तो शहाणा माणूस, त्याने देवाशी भांडण काढलं नाही. कुंपण माझ्या खालच्या अंगाने, म्हणजे डोहाच्या बाजूने, आडवं घेतलं आणि वाडीच्या बाजूने पूजेला येता येईल एवढी फट ठेवली. मी वाचलो. सहादेव वाडीभर मिशीला पीळ देत फिरला. माझ्या सुटकेचा मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

पण वाट गेली, मित्रांनो. खालच्या तारेने चढण तुटली. मी उरलो आणि माझं काम संपलं.

मग माझ्या देवपणाचे बारा दिवस सुरू झाले. माझं नाव पडलं साळोबा. उदबत्त्या आल्या, नारळ आले. कोणी परीक्षेसाठी नवस बोललं, कोणी म्हशीसाठी बोललं. मी काय देणार? माझ्याकडे देण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे पाठ, आणि तीच आता कोणी मागत नव्हतं. ज्या बायका माझ्यावर कोपर टेकून गप्पा मारायच्या, त्या चार पावलं लांब उभ्या राहून डोक्यावर पदर घेऊ लागल्या. पाठीवर पाण्याचा थेंब नाही. तेलाने अंग चिकट झालं, मुंग्या लागल्या. देवांचं कसं चालतं कोण जाणे, मला मात्र चार दिवसांत त्या देवपणाचा वीट आला.

आणि नेमका तो पंधरवडा गोधड्यांचा होता. बायका पायऱ्यांनी खाली जायच्या, आणि आता पायऱ्यांनीच, ओल्या गोधड्या घेऊन, वर यावं लागायचं. मला दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. आठव्या दिवशी थोरल्या धारेच्या आवाजातून एक किंकाळी आली. बिस्मिल्ला पाय घसरून पडली होती. स्वतःचं ओझं होतंच, वर आक्काबाईचीही गोधडी तिने घेतली होती. पाय मुरगळला, डोकं थोडक्यात वाचलं. त्या संध्याकाळी आक्काबाई काठी टेकत माझ्यापाशी आली. तिने हात जोडले नाहीत, उदबत्तीही लावली नाही. नुसती बघत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी जाऊन तिने सहादेवला धरलं. हे मला नंतर कळलं. "माझ्या सासूचा बाप्या केलास व्हय रं? साळोबा म्हनं! तिनं ओझं उतरवायला ठेवला दगड, तू त्याचंच ओझं केलंस."

"आई, दगड वाचला ना?"

"दगड वाचला, बिस्मिल्ला मेली असती."

सहादेवला ते पटलं. पण केलेलं सांगायची त्याची छाती होईना. सगळ्या वाडीने पाया पडलेल्या देवाला, हा मीच केला, असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

वाडीच्या अर्जाचा निकाल अजून व्हायचा होता, त्यासाठी बाराव्या दिवशी स्थळपाहणी ठरली. तालुक्याच्या कचेरीतून एक मॅडम आल्या. तरुण होत्या, पायात साधे बूट, हातात फायली आणि मोजायचा टेप. मालक आला, वाडी जमली. पाहणीसाठी खालच्या अंगाची तार तेवढी उघडून ठेवली होती. मॅडमनी चढण बघितली, जबाब वाचले.

"एकोणीस जण म्हणतात पायऱ्यांनी जातो. मग ही वाट कसली?"

मालक नम्रपणे म्हणाला, "मॅडम, माझं गावाशी वैर नाही. हे देवस्थान आहे, मला मान्य आहे. देवासाठी दोन गुंठे मी लिहून देतो, वर छोटं मंदिरही बांधून देतो. पण नसलेला रस्ता माझ्या जमिनीतून काढू नका."

वाडीत कुजबूज झाली. मंदिर मिळतंय म्हटल्यावर दोन-चार माना हलल्या. मॅडमनी माझ्याकडे पेन रोखलं. "हा नेमका काय आहे? देव असेल तर देव म्हणून लिहिते. देव कुठेही असू शकतो, त्याला रस्ता लागतोच असं नाही. काही वेगळं असेल तर आत्ताच सांगा."

सहादेव पुढच्याच रांगेत होता. मी त्याच्याकडे बघत होतो. देव म्हटलं तर मी जन्मभर मंदिरात सुखरूप, आणि वाट संपली. दगड म्हटलं आणि मॅडमना पटलं नाही, तर वाटही गेली आणि मीही कुंपणाच्या पायात.

तेवढ्यात खालून, डोहाच्या बाजूने, पावलं वाजली. त्या पावलांची चाल मी ओळखली. तारेच्या फटीतून बिस्मिल्ला आली, डोक्यावर ओली गोधडी, एक पाय ओढत. मागे काठी टेकत आक्काबाई. तार सोडलेली आहे हे ऐकून दोघी सकाळीच डोहावर गेल्या होत्या. बिस्मिल्ला माझ्यापर्यंत आली आणि जागच्या जागी थांबली. गोधडीचं पाणी तिच्या कपाळावरून, मानेवरून गळत होतं. ओझं खाली टाकता येईना, माझ्यावर ठेवता येईना.

"टेकव," आक्काबाई म्हणाली.

"आक्का, शेंदूर हाय. मी कशी टेकवू? कुनाचं मन दुखावलं तर?"

"माझ्या सासूचा दगड हाय. टेकव म्हन्ते ना."

"न्हाई आक्का. ज्यांचा देव त्यांनी सांगू दे." दुखरा पाय तिने बोटांवर उचलून धरला होता. ऐंशी वर्षांपूर्वी साळूबाई याच जागी अशीच उभी होती. सगळी वाडी बघत होती, सगळ्यांना दिसत होतं, आणि कोणी हलत नव्हतं. माझ्या अंगात जीव असता तर मी स्वतः उठून तिच्या डोक्याखाली गेलो असतो.

सहादेव पुढे आला. त्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेला. "हा देव न्हाई. शेंदूर मी लावला. बारा दिवसांमागं, ह्या माझ्या हातांनी. ही माझ्या आज्जीची ओझं टेकवायची जागा हाय. गाव मला काय म्हनायचं ते म्हनू दे." आणि त्याने बिस्मिल्लाच्या डोक्यावरच्या गोधडीचं एक टोक धरलं, दुसरं तिने धरलं, आणि दोघांनी मिळून ती माझ्या पाठीवर ठेवली.

अहाहा! ते गार पाणी, ते ओझं! बारा दिवसांनी माझ्यावर कोणीतरी विश्वासाने भार टाकला. शेंदराखाली मी लाजेने झाकलो गेलो होतो, तो एका क्षणात पुन्हा साळूचा दगड झालो.

दोघे-तिघे चिडले. "आमच्याकडनं नारळ फोडून घेतलेस व्हय रं?" असा आवाजही आला. आक्काबाईने काठी आपटली. "खोबरं खाल्लंस ना? मग वाया काय गेलं? देव रागवायचा असता तर ह्यानं शेंदूर लावला तवाच रागावला असता. आना तो साबन हिकडं."

गोधडी माझ्यावर पिळून बाजूला घेतली आणि आक्काबाईने डोहावरून आणलेला साबण, उदबत्त्यांची राख आणि नारळाची शेंडी घेऊन मला घासायला सुरुवात केली. नारळाच्या शेंड्या तर माझ्याच पायाशी पडलेल्या होत्या. मग लंकाबाई आली, मग आणखी चार जणी. मला इतक्या बायकांनी एकदम कधी न्हाऊ घातलं नव्हतं. लाल पाणी वाहून गेलं आणि खालून मी उघडा झालो, जसा होतो तसा.

मॅडम जवळ आल्या आणि त्यांनी माझ्यावर हात फिरवला. बरोबर मध्यावर दोन गोल खळगे होते, हंड्यांच्या बुडांनी झिजून झालेले. आणि माझी एक कड गुळगुळीत झाली होती, हजारो वेळा ओझं सरकून. ती कड कुठली? डोहाकडची. वाडीकडची कड मात्र छिन्नीने सोडली तशीच धारदार. मॅडमनी टेप लावला. खळगे दोन बोटं खोल. त्यांनी वाकून पायाशी असलेला आक्काबाईचा धोंडाही पाहिला, तोही मध्ये झिजलेला.

त्या सरळ उभ्या राहिल्या आणि सगळ्या वाडीकडे बघून त्यांनी विचारलं, "डोहावरून येता कुठून?"

"हितनं!"

अख्खी वाडी एका आवाजात ओरडली. थोरल्या धारेचा आवाजही त्यात बुडाला. माझी खात्री आहे, तिन्ही धारांनी तो ऐकला असणार.

"मग हे आधी का नाही सांगितलं?" मॅडमना हसू आवरेना.

लंकाबाई म्हणाली, "तुमच्या मानसानं इचारलंच न्हाई, बाई."

मॅडमनी पंचनामा तिथेच लिहिला, माझ्या पाठीवर कागद ठेवून. माझ्या पाठीवर आजवर पाणी होतं, धुणं होतं, लाकडं होती. न्याय पहिल्यांदाच टेकला. लिहून झाल्यावर त्यांनी तो मोठ्याने वाचला. गाव, पायऱ्या, धबधबे, काळडोह, चढण, साळूचा दगड, गाव, अशी ही एकच गोल वाट आहे, आणि एका अंगाने जायची व दुसऱ्या अंगाने यायची तिची जुनी वहिवाट आहे. पंच म्हणून पहिली सही बिस्मिल्लाने केली, हात ओला होता म्हणून कागदावर थेंब पडला. मालक बराच वेळ माझ्या खळग्यात बोटं घालून उभा होता. "मला ओघळ म्हणून सांगितलं होतं," तो सहादेवला म्हणाला. मग त्याने खांद्यावरची बॅग काढली, माझ्यावर टेकवून बघितली, आणि म्हणाला, "उंची बरोबर आहे हो."

तीन दिवसांनी आदेश आला. तार निघाली. काढायला कोण आला असेल सांगा? फैयाजच, त्याच जेसीबीवर. पावसाने कोरलेल्या वाटेत त्याने दोन खेपा मुरूम पसरला आणि माझ्याजवळून जाताना बकेट एवढ्या जपून वळवली की मला गुदगुल्या झाल्या. सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती, वेळ थोडा होता. त्यामुळे सर्वपित्रीच्याच दिवशी, उरलेल्या सगळ्या गोधड्या एकदम डोहावर गेल्या. सकाळी अकरापासून त्या माझ्याकडे यायला लागल्या. वाडीतले बाप्येसुद्धा त्या दिवशी गोधड्या घेऊन चढले, सहादेव सर्वांत पुढे, डोक्यावर दोन. मी मोजल्या नाहीत, मोजायचं भान नव्हतं. दिवस मावळेपर्यंत माझं अंग वाळलं नाही.

पहिल्या गोधडीला, त्या पाहणीच्या दिवशीच्या, शेंदराचा वीतभर डाग पडला आहे. ती आक्काबाईची. बिस्मिल्ला म्हणाली, "आन आक्का, वरनं चांगलं फडकं लावून देते."

"लावू नगंस," आक्काबाई म्हणाली. "पाव्हनं आलं की तीच अंथरनार हाय मी."

माझ्या एका कोपऱ्यातही छिन्नीच्या खाचेत चिमूटभर शेंदूर राहिला आहे. आक्काबाईने तो मुद्दाम ठेवला. कोणी त्याबद्दल विचारलं की सहादेव आता लाजत नाही, सगळी गोष्ट रंगवून सांगतो. मीही ऐकतो, दर वेळी नव्याने.

मित्रांनो, तुम्हीही या. पायऱ्यांनी सांभाळून उतरा, तिन्ही धारा डोळे भरून बघा, माझ्यासाठीही थोडं जास्त बघा. डोहात पाकिटं टाकू नका, बिस्मिल्ला तिथे गोधड्या धुते. मग चढणीने वर या. माझ्यावर उभे राहू नका, माझ्या पायाही पडू नका. मी ज्यासाठी बसवला गेलो तेवढं माझ्याकडून करून घ्या, माझी निगा त्यातच आहे. तुमच्या गावातही असा एखादा दगड, पार किंवा वाट असेल. तिथून रोज कोणीतरी जातंय ना, तेवढं बघा. आणि कोणी विचारायला आलंच, तर कुठून जाता तेवढं सांगून थांबू नका. कुठून येता तेही सांगा.

आता मला रजा द्या. खालून पाय ओढल्याचा आवाज येतो आहे. बिस्मिल्लाचा पाय अजून पुरता बरा झालेला नाही, आणि आज तिच्या डोक्यावर नक्कीच मोठी गोधडी आहे.